मंडपवाल्याची सेफ्टी पॉलिसी

गेल्या वर्षीच्या गॅदरिंगमध्ये काय काय झालं असं कुणी विचारलं तर तुम्ही फिशपाँड सांगाल, ऑर्केस्ट्रा सांगाल, शेवटच्या दिवशी जेवण कमी पडलं ते तर नक्कीच सांगाल. पण आदल्या संध्याकाळी स्टेजच्या मागे काय झालं हे फारसं कुणाला माहीत नाही. मी डेकोरेशन कमिटीत होते, म्हणून मला माहीत आहे.

साडेसहा वाजले असतील. धूळ उडू नये म्हणून ग्राउंडवर टँकरने पाणी मारलं होतं. मंडपवाल्याकडचा एक मुलगा, वयाने साधारण माझ्याएवढाच, अॅल्युमिनियमच्या शिडीवर चढून आडव्या पाइपला फोकस बांधत होता. पायात चप्पल नव्हती (चप्पल शिडीवर सटकते म्हणून सगळेच काढून ठेवतात). त्याने एका हाताने पाइप धरला आणि पुढच्याच क्षणी तो खाली होता. दहा फुटांवरून पडला, पण नशिबाने सतरंज्यांच्या ढिगावर. उजवं मनगट मोडलं. जीव वाचला.

कारण नंतर सापडलं. पाइप आणि क्लॅम्पच्या मध्ये एक वायर सापडली होती. बोल्ट आवळताना तिचं वरचं आवरण कापलं गेलं आणि सगळा पाइप लाइव्ह झाला. बोर्डावर प्लग नव्हताच. वायरची दोन उघडी टोकं सॉकेटमध्ये घालून काडेपेटीच्या काड्यांनी घट्ट बसवलेली, आणि अर्थिंगचं तिसरं भोक रिकामं.

त्या काड्या आम्ही सकाळीच पाहिल्या होत्या. आम्ही म्हणजे इलेक्ट्रिकलचे चार जण. अर्थिंगवर सबमिशन लिहून, व्हायवात उत्तरं देऊन पास झालेले! एकाने तर "काय जुगाड आहे बघ" म्हणून मोबाइलवर फोटोसुद्धा काढला होता. काढा असं कुणीच म्हटलं नाही.

त्याहून वाईट पुढेच झालं. प्लॅस्टरचा आणि औषधांचा खर्च कोण देणार? मंडपवाला म्हणाला, पोरं माझी नाहीत, मुकादमाने आणली. मुकादम म्हणाला, रोजी शेठ देतो, मी फक्त बोलावतो. आमच्याकडून उत्तर आलं की काम कॉन्ट्रॅक्टवर दिलेलं आहे. शेवटी आम्ही कमिटीच्या मुलांनी वर्गणी काढली आणि विषय संपवला. म्हणजे आमच्यापुरता संपवला. त्या मुलाचं मनगट अजूनही पूर्ण वळत नाही, हे मला या वर्षी कळलं.

दिवाळीच्या सुट्टीत मी आईच्या मावसभावाकडे गेले. मामांचा मंडप, खुर्च्या, भांडी, लाइटिंग भाड्याने द्यायचा मोठा धंदा आहे. त्यांच्या दुकानावर 'बिछायत केंद्र' अशी जुनी पाटी आहे आणि तिच्याखाली नवीन 'इव्हेंट्स'ची. मी त्यांना गॅदरिंगची गोष्ट सांगितली आणि म्हटलं, मामा, मी तुमच्यासाठी सेफ्टी पॉलिसी लिहून देऊ का? मामा म्हणाले, "लिही बाळा. कागदाला काय लागतं?"

मी तीन पानी पॉलिसी लिहिली. इंग्लिशमध्ये, कारण माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. हेल्मेट, सेफ्टी शूज, फायर वॉर्डन, दर महिन्याला सेफ्टी कमिटीची मीटिंग, सगळं होतं त्यात. मामांनी ती गोडाऊनमध्ये सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायला लावली. मी वाचत गेले आणि समोरची पोरं एकमेकांकडे बघत राहिली. वाचून झाल्यावर मामांचे वायरमन काका (पंचवीस वर्षं याच कामात आहेत) एवढंच म्हणाले, "ताई, हे फॅक्टरीचं आहे. फॅक्टरी एका जागी असते. आमची फॅक्टरी रोज रात्री उखडायची आणि दुसरीकडे उभी करायची."

त्या एका वाक्यावर माझी तीन पानं रद्द झाली! मग मी दहा दिवस त्यांच्या टेम्पोतून हिंडले. पुढे जे लिहिलं आहे ते त्यातून आलेलं आहे.

आधी विजेचं, कारण ते माझ्या ब्रँचचं आहे. पुष्कळ लोकांना वाटतं की फ्यूज किंवा एमसीबी आहे म्हणजे शॉकपासून आपण सुरक्षित. हे साफ चूक आहे. साधं ओहम्स लॉ लावून बघा. ओल्या अंगाचा रेझिस्टन्स साधारण १००० ओहम धरला तर २३० व्होल्टला शरीरातून ०.२३ अँपिअर, म्हणजे २३० मिलिअँपिअर करंट जाईल. साधारण १० मिलिअँपिअरच्या पुढे हाताचे स्नायू आखडायला लागतात आणि धरलेली वस्तू सोडता येत नाही. ५० ते १०० च्या घरात हृदयाची लय बिघडून माणूस जाऊ शकतो. आणि बोर्डावरचा फ्यूज किती अँपिअरचा? १६ चा! त्याला २३० मिलिअँपिअर म्हणजे काहीच नाही. पॉवर काढली तर २३० गुणिले ०.२३ म्हणजे ५३ वॅट. थोडक्यात सांगायचे तर त्या संध्याकाळी आमच्या फ्यूजच्या दृष्टीने तो मुलगा म्हणजे माळेत लागलेला आणखी एक बल्ब होता.

फ्यूज वायरला वाचवतो, माणसाला नाही. माणसाला वाचवणारं उपकरण वेगळं आहे, त्याला आरसीसीबी म्हणतात (वायरमन लोक अजून ईएलसीबीच म्हणतात). त्याचं तत्त्व फार सोपं आहे. फेजमधून जेवढा करंट गेला तेवढाच न्यूट्रलमधून परत यायला पाहिजे. दोन्ही वायरी एका गोल कोअरमधून नेलेल्या असतात. हिशोब जुळला तर कोअरमध्ये फ्लक्स शून्य. मधेच थोडा करंट माणसातून जमिनीत गेला की हिशोब चुकतो आणि स्विच पडतो. ३० मिलिअँपिअरचा चांगला आरसीसीबी २३० मिलिअँपिअरच्या गळतीला ०.०४ सेकंदाच्या आत तोडतो. आपली सप्लाय ५० हर्ट्झची, म्हणजे पुरत्या दोन सायकलसुद्धा होत नाहीत. त्याची किंमत काही हजार रुपये. आमच्या स्टेजवरच्या फुलांचं बिल त्याच्या कितीतरी पट होतं.

हे सगळं मी वायरमन काकांना मोठ्या उत्साहाने समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "जनरेटरवर असताना?"

मी गप्प. आपल्याला सिलॅबसमध्ये न्यूट्रल ग्राउंडिंग आहे, पण ते मोठ्या अल्टरनेटरचं. टेम्पोवरच्या जनरेटरचा विचार मी कधी केलाच नव्हता. लाइन गेल्यावर मंडपात जो जनरेटर लावतात त्याचा न्यूट्रल पुष्कळदा कुठेही अर्थ केलेला नसतो, तरंगता असतो. अशा वेळी पहिला फॉल्ट झाला तर काहीच होत नाही, कारण करंटला परत यायला रस्ताच नाही. समजा, कुठेतरी गवतात न्यूट्रलची वायर सोलली जाऊन ओल्या जमिनीला टेकली. कुणाला कळतही नाही. मग दुसरीकडे एखाद्याचा हात फेजला लागला. आता करंट फेजमधून माणसात, माणसातून जमिनीत, आणि जमिनीतून त्या सोललेल्या न्यूट्रलमध्ये शिरून आरसीसीबीतूनच परत येतो. गेला तेवढा परत आला, हिशोब बरोबर! आरसीसीबी स्वस्थ बसून राहतो.

आणखी एक गोम म्हणजे त्याचं टेस्ट बटण. ते दाबलं की आतल्या आत एका रेझिस्टन्समधून करंट वळवला जातो, त्याला जमिनीच्या अर्थिंगची गरजच नसते. म्हणजे अर्थिंग नसतानासुद्धा बटण दाबलं की स्विच टपकन पडतो आणि आपल्याला वाटतं सगळं ठीक आहे. म्हणून जनरेटरचा न्यूट्रल आरसीसीबीच्या आधी, जनरेटरच्याच बाजूला, जमिनीत ठोकलेल्या अर्थिंग रॉडला जोडायचा. मंडपाचे लोखंडी पाइप आणि ट्रस तारेने एकमेकांना आणि त्याच अर्थिंगला जोडायचे. रॉडच्या भोवती पाणी ओतायचं. हे काका गेली कित्येक वर्षं करत आले आहेत. कारण त्यांना आमच्यासारखं सांगता येत नाही, "न्यूट्रल मोकळा सोडला तर लाइट चावते" एवढंच ते म्हणतात.

जनरेटरची दुसरी गोष्ट चेंजओव्हर स्विचची. तो नसेल आणि जनरेटर सरळ त्याच बोर्डात घुसवला, तर करंट उलटा मीटरमधून बाहेर जातो. बाहेरचा ट्रान्सफॉर्मर त्याला उलटा ११ हजार व्होल्टपर्यंत चढवतो. आणि तिकडे खांबावर लाइन बंद आहे असं समजून एखादा लाइनमन काम करत असतो. मंडपवाल्याने त्याचं तोंडही पाहिलेलं नसतं.

ओव्हरहेड लाइनबद्दल नियम स्पष्ट आहेत. इमारतीपासून ११ केव्हीच्या तारा उभ्या अंतरात ३.७ मीटर आणि आडव्या अंतरात १.२ मीटर लांब हव्यात. पण वीस फुटी पाइप उभा करताना तो हातात झुलतो, त्यामुळे त्या पाइपला हे अंतर काहीच नाही. म्हणून मामांकडे आता जागा बघायला जातानाच वरच्या तारा बघतात. तारेखाली मंडप नाही, आणि तारेजवळ पाइप उभा न धरता आडवाच न्यायचा.

आता वाऱ्याचं. मेकॅनिकल आणि सिव्हिलवाल्यांनी इथून पुढे वाचावं, बाकीच्यांनी गणित सोडून दिलं तरी चालेल.

वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. आपल्या आयएस ८७५ च्या तिसऱ्या भागात सूत्र आहे, दाब बरोबर ०.६ गुणिले वेगाचा वर्ग. वेग मीटर प्रति सेकंदात, उत्तर न्यूटन प्रति चौरस मीटरमध्ये. स्टेजमागचा साधा बॅकड्रॉप घ्या, ४० फूट बाय १५ फूट. क्षेत्रफळ ५६ चौरस मीटर. वारा ताशी ३६ किलोमीटर, म्हणजे १० मीटर प्रति सेकंद असेल तर एकूण बल साधारण ३४० किलोचं. वारा दुप्पट झाला, ताशी ७२, की बल चौपट, जवळजवळ १४०० किलो! ताशी ७२ हे काही फार नाही. त्याच आयएसमध्ये पुणे आणि नाशिकसाठी डिझाइनचा मूळ वेग ३९ मीटर प्रति सेकंद दिला आहे आणि मुंबईसाठी ४४. ३९ म्हणजे ताशी १४०. पक्क्या इमारतीसाठी हा पन्नास वर्षांत एकदा येणारा झोत धरलेला असतो, मंडपाला एवढा धरत नाहीत. पण एप्रिल-मे मधल्या वळवाच्या पावसाआधीचा वारा ज्याने पाहिलाय त्याला ७२ चं आश्चर्य वाटणार नाही.

मग हा बॅकड्रॉप आडवा होऊ नये म्हणून काय लागेल? मातीचं ग्राउंड असेल तर मेखा ठोकता येतात, तणावे बांधता येतात. पण हल्ली लॉन्सवर आणि सोसायट्यांमध्ये सगळीकडे पेव्हर ब्लॉक. मेख ठोकली तर मालक भांडायला येतो. मग लोक पाण्याची पिंपं ठेवतात. मी हिशोब केला. बल अर्ध्या उंचीवर, म्हणजे २.३ मीटरवर लागतं असं धरलं आणि मागचा आधार ३ मीटर लांब धरला, तर उलटण्यापासून वाचवायला साधारण १०५० किलो वजन पाहिजे. २०० लिटरची पाच-सहा पिंपं. पण सगळं जागेवरून घसरण्याचं काय? फ्रिक्शनचा गुणांक ०.४ धरला तर तेच वजन जातं ३४०० किलोवर. सतरा पिंपं.

मामा म्हणाले, "सतरा पिंपं ठेवली तर नवरदेवाला कुठे बसवू?"

ते बरोबरच होतं. म्हणजे जोराच्या वाऱ्यात बॅकड्रॉप उभा ठेवायचा, हा विचारच चुकीचा. कापड पटकन खाली येईल असं बांधायचं (गाठ नको, ओढली की सुटणारी सरकगाठ) आणि ठरलेल्या वाऱ्याला ते उतरवायचंच. पण ठरलेला वारा मोजणार कसा? कुणाच्या खिशात अॅनिमोमीटर असतो? मला ब्यूफोर्ट स्केल आठवलं. जहाजांवरच्या लोकांनी वारा डोळ्यांनी आणि कानांनी मोजायला केलेलं आहे ते. त्यातल्या सहा नंबरचा वारा ताशी साधारण ४० ते ५० किलोमीटर. त्याची खूण अशी की झाडाच्या मोठ्या फांद्या हलतात, छत्री धरणं अवघड होतं आणि तारा शिट्टी वाजवायला लागतात. मग नियम असा झाला: तारेची शिट्टी ऐकू आली की कापड खाली. विचारत बसायचं नाही. हा नियम पोरांना सगळ्यात आवडला, कारण तो लक्षात ठेवायला काही लागत नाही.

वारा आणि वीज एकत्र आले की काय होतं ते २३ जून २०१९ ला राजस्थानात बाडमेर जिल्ह्यातल्या जसोल गावी दिसलं. रामकथेचा मोठा मंडप वादळात कोसळला आणि त्यात करंट उतरला. दहाहून अधिक माणसं गेली. मंडपाखाली वृद्ध मंडळी पुष्कळ होती.

आगीबद्दल मी थोडंच लिहिणार आहे, कारण वाचताना मलाच त्रास झाला. २३ डिसेंबर १९९५, हरियाणातलं मंडी डबवाली. एका शाळेचा वार्षिक कार्यक्रम, म्हणजे आपल्यासारखंच गॅदरिंग! सिंथेटिक कापडाचा मंडप पेटला आणि काही मिनिटांत वितळलेलं कापड खाली बसलेल्यांच्या अंगावर पडलं. चारशेहून अधिक लोक गेले, त्यात निम्म्याहून जास्त लहान मुलं. बाहेर पडायला रस्ता पुरेसा नव्हता. पॉलिस्टर नुसतं जळत नाही, ते वितळून ठिबकतं आणि कातडीला चिकटतं, हे आम्हाला केमिस्ट्रीत कधी कुणी अशा प्रकारे सांगितलं नाही. भारतीय मानक ब्युरोचं मंडपांच्या आगीसाठी वेगळं स्टँडर्ड आहे, आयएस ८७५८. त्यात सिंथेटिक कापड आणि सिंथेटिक दोर वापरू नका, छत ३ मीटरपेक्षा खाली नको, वीजवाहिनीखाली मंडप नको, असं सरळ लिहिलेलं आहे. मामांच्या गोडाऊनमध्ये सुती कनाती आता जेमतेम एक रॅक भरतील. बाकी सगळं सॅटिन आणि नेट. "सुती कापड जड, धुवायला महाग, आणि फोटोत चमकत नाही," मामा म्हणतात. गिऱ्हाइकाला चमक पाहिजे. इथे मी हरले, हे प्रामाणिकपणे सांगते. फक्त एवढंच पदरात पडलं की आचाऱ्याच्या मंडपाला यापुढे पत्रे आणि सुतीच, तिथे सॅटिनची झालर नाही. आणि बाहेर जायच्या वाटेवर खुर्च्यांच्या थप्प्या लावायच्या नाहीत.

वाढदिवसाच्या पार्ट्यांना फुगे लागतात. हेलियम महाग, म्हणून बरेच जण हायड्रोजन भरतात, आणि तोही कॉस्टिक सोडा आणि अॅल्युमिनियमची पूड जुन्या सिलिंडरमध्ये घालून तिथल्या तिथे तयार केलेला. ही रिअॅक्शन उष्णता सोडते, दाब कुणी मोजत नाही, आणि हवेत ४ टक्क्यांपासून ७५ टक्क्यांपर्यंत हायड्रोजन असला तरी ठिणगीला पेट घेतो. केकवर मेणबत्त्या, बाजूला मुलं! मामांनी हे काम मुळातच घेतलेलं नाही, ते आता कागदावरही आलं.

ओझ्याचं मात्र सगळ्यांनाच साधं वाटतं. पण मी दहा दिवसांत सगळ्यात जास्त तक्रारी पाठीच्याच ऐकल्या. हजार माणसांच्या जेवणाची पातेली, लोखंडी टेबलं, राजाराणी सोफा (हे त्याचं खरंच नाव आहे). वाकून २० किलोची वस्तू अंगापासून ४० सेंटिमीटर लांब धरून उचलली तर कण्यामागच्या स्नायूंना ती साधारण ५ सेंटिमीटरच्या लिव्हरने तोलावी लागते. ४० भागिले ५ म्हणजे आठपट, १६० किलोचा ताण, आणि यात वाकलेल्या धडाचं वजन धरलेलंच नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ मध्ये पुरुष कामगारासाठी ५५ किलो ही वरची मर्यादा सुचवली होती. मोठं पातेलं झाकणाने बंद करून आत डाव आणि परात भरून देतात (टेम्पोत जागा वाचते ना!), ते किती किलोचं होतं ते आम्ही गोडाऊनच्या काट्यावर केलं. ६८. आता पातेल्यात काही भरायचं नाही आणि दोघांनी धरायचं.

आणि झोप. हे कुठल्याच पुस्तकात मला सापडलं नसतं. लग्नसराईत पोरं रात्री अकराला एक मंडप उतरवतात, टेम्पो भरतात, भरलेल्या मालावर चढून बसतात, पहाटे दुसरीकडे उभारणी सुरू. मालावर बसणं हे तर सरळ मरणाला बोलावणं आहे. माल हलतो, वरून तारा जातात. पण झोप अनावर झाली की माणूस गादीवरच जाणार, केबिनमध्ये तिघांत चौथा कशाला जाईल? मामा म्हणाले की यावर उपाय म्हणजे जास्त माणसं, आणि जास्त माणसं म्हणजे जास्त रेट, आणि जास्त रेट म्हणजे ऑर्डर दुसऱ्याला. मला याचं उत्तर देता आलं नाही. सलग दोन रात्री कुणाला लावायचं नाही आणि मालावर कुणी बसायचं नाही, एवढ्यावर आमची तोडजोड झाली.

कायद्याचं थोडक्यात सांगते. १९२३ पासून आपल्याकडे कामावर जखमी झालेल्याला भरपाई द्यायचा कायदा होता, आता तो विषय २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत आहे. कामाच्या सुरक्षिततेचीही २०२० ची वेगळी संहिता आहे आणि ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. कामाची जागा धोकारहित ठेवायची जबाबदारी त्यात मालकावर आहे, आणि जिवाला धोका वाटला तर कामगाराने मालकाला सांगायचं, मालकाने लगेच उपाय करायचा, असंही आहे. हे वाचलं तेव्हा मला आमचा मुकादम आणि शेठ आठवले. म्हणून मामांच्या हजेरीच्या वहीत आता मुकादमाने आणलेल्या पोरांचीही नावं असतात. वहीत नाव असलं की "माझा नाही" म्हणता येत नाही.

दुसऱ्या वेळी मी जी पॉलिसी लिहिली ती एका पानाची झाली. मराठीत. माझी ऱ्हस्व-दीर्घाची बोंब आहे, तिथे मामींनी लाल पेनाने दुरुस्त्या केल्या, आणि 'विद्युतप्रवाह' वगैरे शब्द वायरमन काकांनी काढून टाकले. "करंट लिहा ताई. पोरगा विद्युतप्रवाहाने मरत नाही, करंटने मरतो."

सगळ्यात जास्त भांडण शेवटच्या ओळीवर झालं. मी लिहिलं होतं की काम धोक्याचं वाटलं तर वायरमनला काम थांबवायचा अधिकार आहे. मामांनी ती ओळ खोडली. त्यांचं म्हणणं असं, की सातचा मुहूर्त आहे, पाच वाजता वायरमनने काम थांबवलं तर मुलीचा बाप त्याला शिव्या देणार नाही, मला देईल. मी खूप वाद घातला. मामी पण माझ्या बाजूने बोलल्या. मामा हलेनात.

तेव्हा वायरमन काकांनी खिशातून एक वस्तू काढून टेबलावर ठेवली. फ्यूजचं पांढरं किटकॅट. म्हणाले, "शेठ, हे मी रोजच करतो. पोरगं शिडीवर असलं की मेनचं किटकॅट माझ्या खिशात. तो उतरला की मी लावतो. तुम्हाला आजपर्यंत कधी कळलं तरी का?"

आपल्या सेफ्टीच्या पुस्तकात लॉकआउट-टॅगआउट म्हणून अख्खा चॅप्टर आहे, आकृत्यांसकट. तो चॅप्टर त्या खिशात होता. मामा बराच वेळ किटकॅटकडे बघत राहिले. मग त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं: "शिडीवर माणूस असेल तोपर्यंत मेनचे किटकॅट वायरमनच्या खिशात. मी मागितले तरी देऊ नये." खाली सही केली. तो कागद लॅमिनेट करून गोडाऊनच्या दारावर लावला आहे.

आता आपल्या गॅदरिंगचं. यंदाच्या कोटेशन फॉर्ममध्ये मी चार ओळी वाढवायला लावल्या. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, पाइपांना आणि जनरेटरच्या न्यूट्रलला अर्थिंग, येणाऱ्या सगळ्या पोरांची नावं आधी लिहून, आणि मेनचं किटकॅट वायरमनकडे. (मामांचं कोटेशन घेतलेलं नाही, ते दुसऱ्या गावात आहेत. उगाच शंका नको.) तीन कोटेशनं आली. दोघांनी चारही ओळींपुढे सही केली आणि रेट वाढवून लावला. तिसऱ्याने त्या चार जागा कोऱ्या सोडल्या आणि त्याचा रेट सगळ्यांत कमी आहे, साडेचार हजारांनी. ट्रेझररचं म्हणणं तुम्हाला माहीतच आहे. हा अंक तुमच्या हातात येईल तेव्हा मीटिंग होऊन गेलेली असेल आणि मंडपही उभा असेल. स्टेजच्या डाव्या अंगाला मेन बोर्ड असतो. जाता जाता बघा, सॉकेटमध्ये काड्या आहेत का.